मुलीचं फिजिक्स कच्चं आहे

उमेंद्र बिसेनचं वाटोळं व्हावं असं गुंजन रहांगडालेला मे महिन्यापासून वाटत होतं, आणि हे तिने कोणापासून लपवलं नव्हतं. सकाळी दात घासताना वाटायचं, त्याच्या मोटरसायकलची चेन तुटावी. दुपारी जेवताना वाटायचं, ती चेन एखाद्या मुलीवाल्यांच्या दारातच तुटावी. संध्याकाळपर्यंत त्या चेनीत त्याची पँट अडकलेली असायची. झोपताना ती हात जोडून म्हणायची, देवा, सगळ्यांचं भलं कर. मग थोडं थांबून म्हणायची, एक सोडून.

उमेंद्रने हुंडा मागितला असता तर तिने तक्रार केली असती. रंगावरून बोलला असता तर आरसा पुढे केला असता, कारण तो स्वतः काही दुधातून काढलेला नव्हता. पण बिसेनांकडून जो निरोप आला त्यात मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं आणि पोहे तर फारच चांगले होते. फक्त मुलीचं फिजिक्स कच्चं होतं.

आता गुंजन होती एम.एस्सी. फिजिक्स. तिरोड्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर ती अकरावी-बारावीची शिकवणी घ्यायची. घर धानावर चालायचं, पण तिची मान ताठ राहायची ती त्या माडीमुळे. निरोप घेऊन आला तो चैतराममामा, तिच्या आईचा चुलत भाऊ आणि या सोयरिकीतला मध्यस्थ. बोदलकशाच्या वाटेवर त्याचं गाव. सडक अर्जुनीहून तो मोटरसायकलने निघाला आणि वाटेत ज्या ज्या घरी पाणी प्यायला थांबला, त्या त्या घरी निरोप सांगत आला. ऊन मरणाचं होतं. त्याला तहान फार लागली.

जूनमध्ये माडीवर बाकं जास्त आणि पोरं कमी अशी वेळ आली. जे फिजिक्स सोयरिकीलाही चाललं नाही ते परीक्षेला कसं चालेल, असा पालकांचा हिशोब होता, आणि तो चुकीचा आहे हे कोणत्या सूत्राने सिद्ध करावं ते गुंजनला सुचेना. एका विद्यार्थिनीच्या आईने तर तिला मायेने बाजूला घेऊन विचारलं, की बाई, चित्रकला वगैरे येते का तुम्हाला.

झालं होतं ते एवढंच. उमेंद्र, त्याचे वडील दुर्गाप्रसाद आणि मामा असे तिघे बैठकीत बसले होते. दुर्गाप्रसादांची इटियाडोह धरणाच्या कालव्यावर शेती आणि सडक अर्जुनीत हार्डवेअरचं दुकान, म्हणजे माणूस दोन्हीकडून भिजलेला. उमेंद्र इंजिनियर. खिडकीत कूलर चालू होता, आणि तो कूलर असा होता की गुंजनच्या घरी लोक एकमेकांशी ओठ वाचून बोलायचे. उमेंद्रने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “मेटलवर लाइट टाकली की इलेक्ट्रॉन निघतात. बरोबर? मग लाइट वाढवली तर?”

गुंजनला मनातून आनंद झाला. आजवर आलेल्या दोघांनी तिला भाजीत काय काय येतं ते विचारलं होतं. ती म्हणाली, “आधी धातू कोणता ते पाहावं लागेल. घरचा बल्ब केवढाही मोठा करा, जस्ताचे निघत नाहीत.”

उमेंद्र हसला. चूक दाखवताना मोठी माणसं हसतात तसा, अर्ध्या ओठाने. म्हणाला, “नाही. लाइट वाढली की इलेक्ट्रॉन वाढतात. बेसिक आहे.” ती पुढे बोलणार तेवढ्यात आईने, म्हणजे सुलोचनाबाईंनी, डोळे मोठे केले आणि आणखी पोहे पुढे केले. भौतिकशास्त्राचा विषय तिथेच संपला.

“सोडून दे ना बाई,” आई पुढे कितीदा तरी म्हणाली. “कितीक दिवस घेऊन बसशीन?”

“काऊन सोडू?” गुंजन म्हणायची. “तो चार माणसांत बोलला. आता त्याच चार माणसांत त्याच्या तोंडून काढून घेईन, की माझं उत्तर बरोबर होतं.”

हे त्याच्या तोंडून काढायचं कसं, ते तिने जुलैत ठरवलं. वाद घालायचा नाही. वादात तो अर्ध्या ओठाने हसेल आणि लोक पूर्ण ओठाने हसतील. लोकांना डोळ्यांनी दाखवायचं. तिने जुन्या टॉर्चच्या सेलचं जस्ताचं कवच कापून सपाट केलं. एक काचेची बरणी घेतली, तिच्या प्लास्टिकच्या झाकणातून तार खाली सोडली, तारेच्या वरच्या टोकाला तो जस्ताचा पत्रा बसवला आणि खालच्या टोकाला मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची एक पट्टी चिकटवली. प्लास्टिकचा पाइप लोकरीच्या मफलरवर घासून पत्र्याला लावला की पत्र्यात जादा इलेक्ट्रॉन भरायचे, तारेतून खाली उतरायचे, आणि वर्ख तारेपासून फाकून तिरका उभा राहायचा, रुसलेल्या जावयासारखा. इलेक्ट्रॉन निघून गेले की तो खाली बसायचा. म्हणजे बरणीकडे पाहूनच कोणालाही कळावं, इलेक्ट्रॉन निघाले की नाही. पाण्याच्या फिल्टरमध्ये जंतू मारायला जी अतिनील ट्यूब असते तीही तिने आणली. ती डोळ्यांना वाईट, म्हणून पत्र्याच्या डब्यात बसवून उजेडाला एक फट ठेवली.

सगळं तयार झालं आणि चाललं काहीच नाही. पावसाळा होता. ती पाइप घासून वर्ख उभा करायची आणि तो ओल्या हवेत आपणच खाली बसायचा, दिवा लावायच्या आधी. वीज दमट हवेत गळून जात होती. सुडाला कोरडी हवा लागते हे तिला कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं सापडलं नव्हतं. मग ती थांबली. धान निसवलं, कापलं गेलं, दिवाळी आली, आणि एवढ्या महिन्यांत तिचा राग एका अंशानेही गळला नाही. तो बहुधा बरणीत होता.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, मध्ये शिंगाडे, बांगड्या, आकाशपाळणा, आणि घरोघरी पाहुणे. मंडईला पाहुणा नुसता खायला येत नाही, त्याला कोणाची तरी मुलगी किंवा मुलगा बघायचा असतो. चैतराममामाने आपल्या गावच्या मंडईला बिसेनांना बोलावलं होतं, दुसरी एक मुलगी दाखवायला. हे त्याने गुंजनच्या आईला पाणी पिता पिता सांगितलं. आपली भाची त्या दिवशी मंडईत दुकान लावायचं म्हणते, याचं त्याला कौतुकच वाटलं. तिने त्याचा बोकड शोभेला मागितला, तोही त्याने दिला.

दंडारीच्या मांडवाला लागून, कापडी छताखाली, गुंजनचं टेबल लागलं. टेबलावर बरणी. टेबलाच्या पायाला बोकड. वर पाटी: कोणत्याही उजेडाने वर्ख खाली पाडा आणि बोकड जिंका. हात लावायचा नाही. फुंकर मारायची नाही.

मामाने पाटी वाचली नाही. दंडारीचा पाहुणा म्हणून तो मांडवात आधीच बसला होता.

लोक आले. आधी मोबाइलचे टॉर्च आले. मग कोणी मोटरसायकल टेबलापर्यंत आणून हेडलाइट मारला. मांडववाल्याने लग्नातला हॅलोजन आणला, ज्याच्यापुढे नवरदेवाचाही मेकअप वितळतो. वर्ख उभा. ट्रॅक्टर आला, त्याचे दोन्ही दिवे लागले, बोकडाने डोळे मिटले, आणि वर्ख तसाच तिरका. दर खेपेला गुंजन पत्रा सँडपेपरने घासायची, कारण जस्तावर हवेने साय धरते आणि मग इलेक्ट्रॉन बाहेर पडायला कुरकुरतात. ती इतक्या मनापासून घासायची की बघणाऱ्याला वाटावं, पत्र्याने तिचं काही केलं आहे.

उमेंद्र लांबून शिंगाडे सोलत पाहत होता. दुसऱ्या मुलीच्या घरची माणसं त्याच्याबरोबर होती, त्याचे वडील होते. विषय त्याचा होता आणि गर्दी दुसऱ्या कोणाची होती. हे त्याला किती वेळ सोसेल याचा गुंजनने अंदाज केला होता. त्याने तेवढाही वेळ घेतला नाही.

“फार कमी पॉवर लावून राहिले तुम्ही लोक,” तो पुढे येत म्हणाला. “लाइट वाढली की इलेक्ट्रॉन वाढतात. दोन हॅलोजन एकत्र लावा.”

दोन लागले. मग चार. मांडववाल्याने जनरेटर चढवला. पत्रा तापला, टेबलाला वास येऊ लागला, पुढच्या रांगेतली माणसं घामाघूम झाली. वर्ख उभा. उमेंद्रच्या कपाळावर एक शीर आली, ती मे महिन्यात नव्हती. गुंजनने ती नीट पाहून घेतली.

“आणखी वाढवू का?” तिने विचारलं.

मागून एक माणूस म्हणाला, “बाजू व्हा बापा.” तो श्यामलाल वेल्डर. आकाशपाळण्याची कडी तुटली होती ती जोडायला आला होता, आणि त्याचं मशीन जवळच होतं. त्याने तोंडावर मुखवटा ओढला, लोकांना पाठ फिरवायला सांगितलं, टेबलाजवळ लोखंडाचा तुकडा ठेवला आणि कांडी टेकवली. चर्रर्र झालं. सगळ्यांच्या सावल्या क्षणभर समोरच्या बांगडीवाल्यावर पडल्या. लोक वळले तर वर्ख खाली बसला होता.

आरडाओरड झाली. उमेंद्रने दोन्ही हात वर केले, जणू वेल्डिंग त्यानेच केलं. “बघा! पॉवर लागते. मी का सांगून राहिलो होतो?” दुर्गाप्रसादांनी शेजारच्या माणसाकडे बघून मान डोलवली. दुसऱ्या मुलीच्या काकाने उमेंद्रच्या पाठीवर थाप मारली.

वेल्डर गुंजनने हिशोबात धरला नव्हता. एवढे महिने तिने सगळे दिवे मोजले होते, आणि हा एक माणूस पाळणा जोडायला आला. ज्या गर्दीपुढे तिला नाव सोडवून घ्यायचं होतं त्याच गर्दीपुढे ते दुसऱ्यांदा बुडत होतं. मग तिने स्वतःशीच विचार केला, ठिणगीतून नेमकं काय निघतं. आणि ती शांतपणे बांगडीवाल्याकडे गेली, त्याच्या पेटीवरची काच मागून आणली, पाइप घासून वर्ख पुन्हा उभा केला, आणि काच पत्र्यासमोर धरून मान फिरवली.

“श्यामलालभाऊ, पुन्हा. तेवढ्याच जोराने.”

चर्रर्र झालं. पुन्हा सावल्या पडल्या, काचेतूनही तेवढ्याच लख्ख. लोक वळले. वर्ख उभा होता.

“आता उजेड कमी झाला होता का?” गुंजनने विचारलं. “उजेड पाण्याच्या धारेसारखा नाही पडत, गारांसारखा पडतो. एका इलेक्ट्रॉनला एक गार. हॅलोजनच्या गारा साबुदाण्याएवढ्या. आठवडाभर पाडा, छपराचं एक कवेलू फुटणार नाही. वेल्डिंगमध्ये थोड्या लिंबाएवढ्याही असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. काच तेवढ्याच अडवते. साबुदाणा जाऊ देते.”

मग तिने आपला डबा उचलला. फटीतून निघणारा उजेड असा फिका निळसर होता की त्यात कोणाला स्वतःची चप्पल सापडली नसती. तो तिने पत्र्यावर धरला. वर्ख लगेच खाली बसला, हुकूम ऐकल्यासारखा.

उमेंद्र टेबलाकडे वाकला. त्याने पत्रा पाहिला, बरणी पाहिली.

“हे झिंक आहे?” त्याने विचारलं.

“जस्त,” गुंजन म्हणाली.

“जस्त म्हणजे?”

“झिंक.”

तो सरळ झाला. त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उगवत गेलं, आणि ते बघायला गुंजनने सगळा पावसाळा काढला होता. “त्या दिवशी तुम्ही जस्ताचे म्हणाल्या होत्या?” तो म्हणाला. “जस्ताचे निघत नाहीत? मी जास्तीचे ऐकलं. लाइट वाढवली तर जास्तीचे निघत नाहीत. ते तर चूकच आहे ना. म्हणून मी... तो कूलर किती आवाज करत होता.”

मामा गर्दीत होता. “अरे बापा,” तो म्हणाला, “मंग तं कूलरचीच चूक झाली.”

लोक हसले, आणि हवा एकदम सैल झाली. सगळ्यांनी गुंजनकडे पाहिलं, की आता ही पण हसेल आणि शिंगाडे खायला जाऊ. गुंजनलाही हे खरं वाटलं. माणूस वाईट नव्हता, बहिरा होता. पण कूलरवर सूड उगवता येत नाही. आणि तिची पोरं कूलरने पळवली नव्हती.

“ऐकू नाही आलं तर पुन्हा विचारता येत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही हसलात. आता ते जे सांगितलंत ना, ते तिकडे सांगा.” तिने दंडारीच्या माइककडे बोट केलं.

उमेंद्रने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी बोकडाकडे पाहिलं. गर्दीने वाट करून दिली, म्हणजे आता जायलाच हवं अशी वाट. माइकवर एक माणूस हरवलेल्या चपलांची आणि हरवलेल्या एका आजोबांची वर्दी देत होता. चपला झाल्या, आणि आजोबांच्या आधी उमेंद्र बिसेनने कर्ण्यातून साऱ्या मंडईला सांगितलं की गुंजन रहांगडाले यांचं फिजिक्स पक्कं आहे, उत्तर त्यांचंच बरोबर होतं, जस्ताचे निघत नाहीत आणि नियम त्याला स्वतःला अर्धाच माहीत होता. कर्ण्याचा आवाज दोन ठिकाणी फाटला, म्हणून तिने त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

तो खाली उतरला तेव्हा दुर्गाप्रसाद मोकळे हसत पुढे आले. व्यापारी माणूस, तुटलेला सौदा दिसला की त्यांच्याने राहवत नसे. “मंग तं झालंच बेटा,” ते म्हणाले. “अडचण एकच होती, तीही मिटली. आमच्याकडून होकार समजा.”

दुसऱ्या मुलीच्या काकाने उमेंद्रच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

गुंजनने डबा बंद केला, वायर गुंडाळली आणि मग उत्तर दिलं. “मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे. मुलाचं मराठी कच्चं आहे.”

बोकडाचा निकाल त्यानंतर लागला. श्यामलालने पाटीवर बोट ठेवून विचारलं, बोकड माझा ना मंग? वर्ख त्याने उजेडानेच पाडला होता, हात न लावता, फुंकर न मारता. नियमात काचेचा उल्लेख नव्हता. मामा कळवळून सांगत होता की मले का मालूम का तो बक्षीस होय मनून, पण लोकांनी दोर सोडून श्यामलालच्या हातात दिलासुद्धा. श्यामलालने त्याला वेल्डिंग मशीनच्या गाडीला बांधलं. गुंजनने मामाला सांगितलं की निरोपाची मजुरी समज. उलट हिशोबाची.

माडीवर पोरं परतली. चित्रकला विचारणारी बाई पहिली आली आणि म्हणाली, आम्हाला तर आधीपासूनच खात्री होती. गुंजनने तिच्या मुलीला पहिल्या बाकावर बसवलं आणि आईला अर्धा तास जिन्यात उभं ठेवलं.

हिवाळ्यात तहान कमी लागते, पण चैतराममामाला लागत राहिली. ज्याचा बोकड गेला त्याला घरोघरी थांबून सगळं सांगावंच लागतं. त्या मोसमात उमेंद्र जिथे जिथे मुलगी पाहायला गेला, तिथे पोह्यांच्या आधी त्याच्यापुढे प्रश्न यायला लागले. एका आजीने त्याला जस्त आणि जास्त हे दोन शब्द पाचदा म्हणायला लावले. तिसऱ्या घरी मुलीच्या भावाने परिच्छेद वाचायला दिला. मार्चमध्ये दुर्गाप्रसादांनी स्वतः निरोप पाठवला, की बेटा, पोराचं मराठी ठीक आहे एवढं तू चार माणसांत सांगून दे.

आई म्हणाली, सांगून दे, झालं तेवढं पुष्कळ झालं. गुंजनने विचार केल्यासारखं केलं. मग कळवलं की न तपासता ती काही सांगत नाही, मुलाने रविवारी अकरावीच्या बॅचला येऊन बसावं.

तो आला. सडक अर्जुनीहून पहाटेची गाडी पकडून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पहिल्या बाकावर बसला. बाक अकरावीचं होतं, त्याचे गुडघे फळीला लागत होते. गुंजनने खिडकी उघडी ठेवली होती, पंखा बंद केला होता. सुट्टीचा दिवस, खालचं दुकान बंद, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तिने फळ्यावर जस्ताचा पत्रा काढला, त्यावर बल्ब काढला, आणि त्याला उभं राहायला सांगितलं.

“हा बल्ब केवढाही मोठा केला, तर?”

“जस्ताचे निघत नाहीत,” उमेंद्र म्हणाला. स्वच्छ, मोठ्याने, प्रत्येक अक्षर वेगळं करून. मागच्या बाकावरच्या पोरीनेसुद्धा मान वर करून पाहिलं.

“ऐकू नाही आलं,” गुंजन म्हणाली.